अठरावं वर्ष कुठल्या साली

६ नोव्हेंबर २०२४, बुधवार. सकाळी साडेआठला बाबांनी माझ्या हातातला रिमोट काढून घेतला. एरवी ही वेळ मराठी बातम्यांची. आमच्या विधानसभेच्या मतदानाला बरोबर दोन आठवडे उरले होते आणि लालबागच्या नाक्यावर रोज संध्याकाळी तीन पक्षांचे ताशे एकदम वाजत होते. पण त्या दिवशी बाबांना अमेरिका हवी होती, तिथल्या राष्ट्राध्यक्षपदाची मतमोजणी. "पेनसिल्व्हेनियाचं काय झालं बघ," म्हणाले. पेनसिल्व्हेनिया जणू करी रोडच्या पुढचं स्टेशन.

कारण घरचंच होतं. धाकटा भाऊ १९९६ साली सॉफ्टवेअरच्या नोकरीवर तिकडे गेला, तो न्यू जर्सीतच रुजला. बाबांच्या भाषेत त्या घरात चार मतं आहेत: भाऊ, भावजय, तेवीस वर्षांची भाची आणि एकोणीस वर्षांचा भाचा. बाबांना घर दिसत नाही, मतं दिसतात. तरुणपणी शिवसेना शाखेच्या मतदारयाद्यांवर त्यांनी इतक्या टिका-फुल्या केल्यात की चाळीतल्या जुन्या शेजाऱ्याची आठवणसुद्धा "खोली अकरा, सहा मतं, चार आपली" अशीच निघते.

दुपारी बाराच्या पुढे चित्र स्पष्ट होत गेलं. तिकडे मध्यरात्र उलटली होती, तरी व्हिडिओ कॉल लागला. भाऊ सोफ्यावर, चेहऱ्यावर लपवता न येणारं समाधान. भावजय भांडी लावत होती, जरा जास्तच आवाज करत. भाचीच्या खोलीचं दार बंद. भाचा खाली गालिच्यावर लोळत फोन बघत होता, शर्टावर 'आय व्होटेड' लिहिलेलं गोल स्टिकर. बाबांनी सरळ हजेरीच घेतली. "तू कुणाला दिलंस?"

"ट्रम्पला," भाऊ म्हणाला. "ओबामाला दोनदा दिलं होतं, बाबा. पण आता..." या 'पण आता'च्या मागून कर, सीमा, शाळा, दुकानांतल्या चोऱ्या असं बरंच काही आलं.

"वय झालं तुझं," बाबा म्हणाले. मग भाच्याकडे वळले. "आणि तू रे?"

"आजोबा, ते सीक्रेट असतं."

बाबा क्षणभर गप्प, मग हसले. "बरोबर आहे तुझं." फोन माझ्या हातात देऊन आत जाता जाता पुटपुटले, "तो ट्रम्प माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान. आणि मला इथे लिफ्टमध्ये पोरं वॉचमनचं स्टूल देतात बसायला."

भावाला बोललेलं ते 'वय झालं तुझं' माझ्या डोक्यातून बरेच दिवस गेलं नाही.

आमच्या टॉवरखाली प्लॅस्टिकच्या सात-आठ खुर्च्यांचा कट्टा भरतो. चाळ पाडली, तेवीस मजले चढले, कट्टा मात्र जमिनीवरच राहिला. तिथे एक वाक्य ठरलेलं आहे: विशीत जो समाजवादी नसतो त्याला काळीज नाही आणि चाळिशीतही जो समाजवादीच राहतो त्याला डोकं नाही. कुणीतरी ते चर्चिलच्या नावावर खपवतंच. चर्चिल असं म्हणाल्याचा पुरावा नाही, आणि त्यांची स्वतःची कुंडली तर नेमकी उलटी: १९०० साली पंचविसाव्या वर्षी ते हुजूर पक्षाकडून निवडून आले आणि तिशी गाठायच्या आत, १९०४ मध्ये, उदारमतवाद्यांकडे गेले. परत फिरायला वीस वर्षं लागली. पण हे कट्ट्यावर सांगून उपयोग नसतो. तिथे वाक्य वजनदार असलं की पुरे.

मी बँकेत तीस वर्षं काढली. आकडा दिसला की पडताळून बघायची खोड लागलेली. म्हणून अमेरिकेच्या जुन्या निवडणुकांचे वयोगटांप्रमाणे आकडे काढून बसले. हे एक्झिट पोलचे आकडे, म्हणजे मतदाराला बाहेर गाठून विचारलेले; दोन-चार टक्के इकडेतिकडे धरायचे. म्हातारा तो उजवा आणि तरुण तो डावा हा जर निसर्गनियम असेल, तर तो दर वेळी दिसायला हवा. तो दिसत नाही. १९८४ मध्ये उजव्या रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्ष रेगन ७३ वर्षांचे होते. वादविवादात वयाचा विषय निघाला तेव्हा, प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचा आणि अननुभवाचा मी फायदा उठवणार नाही, असं सांगून त्यांनी समोरच्या मॉन्डेलनाही हसवलं. त्या वर्षी तिशीच्या आतल्या दहा मतदारांपैकी जवळपास सहा रेगनच्या बाजूला गेले. परंपरावादी म्हातारा, आणि त्याच्यामागे कॉलेजची पोरं! २००० साली रिपब्लिकन बुश आणि डेमोक्रॅट गोर यांच्यात तरुणांची मतं जवळजवळ निम्मी-निम्मी वाटली गेली, म्हाताऱ्यांचीही तशीच. आणि पुढे आठच वर्षांनी, २००८ मध्ये, तिशीच्या आतल्या ६६ टक्क्यांनी ओबामांना मत दिलं. आठ वर्षांत तारुण्याचा स्वभाव तर बदलत नाही.

बदलले होते ते पक्ष. १९६० च्या आसपास अमेरिकेच्या दोन्ही पक्षांत सगळ्या प्रकारची माणसं सापडत. दक्षिणेत वर्णभेद उराशी धरून बसलेले डेमोक्रॅट होते आणि न्यूयॉर्ककडे चांगले उदार रिपब्लिकन होते. १९६४ चा नागरी हक्क कायदा आला आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत एकेका गटाने आपलं बिऱ्हाड हलवलं. उदारमतवादी एका घरात गोळा झाले, परंपरावादी दुसऱ्या. मग गर्भपात, समलिंगी विवाह, बंदुका, स्थलांतर असे ज्या प्रश्नांवर पिढ्यांचं पटत नाही, ते प्रश्न थेट पक्षांच्या दारावर पाट्यांसारखे लागले. शिवाय नव्या पिढीत गोरे नसलेल्यांचं प्रमाण वाढत गेलं. वय आधीही होतंच, त्याला अडकवायला खुंटी नव्हती.

यायर घित्झा आणि अँड्र्यू गेल्मन या दोन अभ्यासकांनी मांडलेला हिशेब मला सर्वांत पटला. त्यांच्या मते चौदा ते चोवीस या वयात माणूस जे राजकारण पाहतो, म्हणजे राष्ट्राध्यक्ष कसा होता, देशाचं बरं चाललं होतं की वाईट, त्याचा ठसा सर्वांत खोल उमटतो. अठराव्या वर्षी पाहिलेल्या घटनेचं वजन चाळिशीत पाहिलेल्या घटनेच्या साधारण तिप्पट. हे गोऱ्या अमेरिकनांमध्ये जास्त ठळक दिसतं. तेव्हा माणसाला 'वय किती' विचारून भागत नाही. 'तू अठरा वर्षांचा कुठल्या साली होतास' हे विचारावं लागतं. डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या काळात वयात आलेले म्हातारपणीही डेमोक्रॅटांकडे झुकलेले राहिले. रेगनच्या काळात वयात आलेले आज पन्नाशी-साठीत आहेत, आणि २०२४ मध्ये ट्रम्प यांना सर्वांत जास्त साथ मिळाली ती ४५ ते ६४ या वयोगटाची. पासष्टीच्या पुढे जवळजवळ बरोबरी होती! म्हणजे कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांपेक्षा माझ्या वयाचे लोक जास्त उजवीकडे.

बेनिंग्टन कॉलेजची एक गोष्ट याच नादात वाचली आणि भाचीचं बंद दार आठवलं. हे १९३० च्या दशकातलं अमेरिकेतलं मुलींचं कॉलेज, मुली सुखवस्तू रिपब्लिकन घरांतल्या, प्राध्यापक रूझवेल्टचे समर्थक. थिओडोर न्यूकोम्ब तिथेच शिकवत आणि मुलींची मतं नोंदवून ठेवत. १९३६ च्या निवडणुकीत पहिल्या वर्षाच्या मुलींपैकी साठ टक्क्यांहून जास्त रिपब्लिकन लँडनच्या बाजूने, आईबापांसारख्याच. वरच्या दोन वर्गांत हाच आकडा पंधरा टक्क्यांच्या आसपास. आता यात नवल नाही, कॉलेजात वारं लागतंच. नवल पुढे आहे. १९६० मध्ये त्या बायका चाळिशीत, लग्न झालेल्या, बऱ्याचशा पैसेवाल्या घरांत. न्यूकोम्ब यांनी त्यांना पुन्हा गाठलं, तर बहुसंख्य निक्सनऐवजी केनेडींच्या बाजूला. लागलेलं वारं उतरलं नव्हतं.

मग मी हा प्रश्न आमच्या घराला लावून पाहिला.

आजोबा १९१२ चे. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद राहिल्या आणि त्या संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली, तेव्हा ते सोळा वर्षांचे, साच्यात बदली कामगार. मरेपर्यंत त्यांनी लाल बावट्याशिवाय कुणाला मत दिलं नाही. बाबा १९४४ चे. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांत ते आजोबांचं बोट धरून गेले. १९ जून १९६६ ला शिवसेना निघाली तेव्हा बावीस वर्षांचे, टायपिंगच्या दोन परीक्षा पास आणि खिशात नोकरी नाही. पुढचं सांगायला नकोच.

१९७० च्या जूनमध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा लालबागमध्ये खून झाला. ऑक्टोबरात पोटनिवडणूक. एका बाजूला त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई, दुसऱ्या बाजूला सेनेचे वामनराव महाडिक. दहा बाय बाराच्या खोलीत आजोबा आणि बाबा एकमेकांकडे पाठ करून जेवत, आजी मध्ये बसून दोघांना वाढी. महाडिक थोडक्या मतांनी आले, सेनेचे पहिले आमदार झाले. मी त्याच वर्षीची. माझ्या बारशाला आजोबा आलेच नाहीत असं आई सांगायची. पुढे पुढे सांगायला लागली की आले, पण पेढा खाल्ला नाही. कट्ट्यावरचं ते वाक्य आमच्या खोलीत अक्षरशः डोक्यावर उभं होतं: अठ्ठावन्न वर्षांचा म्हातारा डावा आणि सव्वीस वर्षांचा पोरगा उजवा. सालं लावली की मात्र कोडं सुटतं, एकाचं १९२८ आणि दुसऱ्याचं १९६६.

आजीने त्या वेळी कुणाला मत दिलं, हे त्या घरात कुणी विचारलं नाही. मीही पुढे कधी विचारलं नाही. आता ती नाही. (अमेरिकेत १९८० पासून प्रत्येक राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत बायका पुरुषांपेक्षा डेमोक्रॅटांकडे जास्त झुकलेल्या दिसतात. आमच्याकडे मात्र 'चार मतं आपली' यातच बायकांची मतं धरून चालत.)

माझी पाळी १९८९ ला आली. ६१ वी घटनादुरुस्ती झाली, मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. नाहीतर मला १९९१ पर्यंत वाट बघावी लागली असती. अमेरिकेत हेच १९७१ मध्ये झालं होतं. व्हिएतनामला मरायला अठरा वर्षांचा पोरगा चालतो, तर मत द्यायला का चालत नाही, या सवालावर २६ वी घटनादुरुस्ती आली. पुढच्या वर्षी सगळ्यांना वाटलं, ही पोरं युद्धविरोधी मॅकगव्हर्नना तारणार. निक्सन यांनी ५० पैकी ४९ राज्यं जिंकली, आणि तिशीच्या आतल्यांतलीही निम्मी मतं मॅकगव्हर्नना मिळाली नाहीत. आमच्याकडे राजीव गांधींच्या सरकारने आम्हाला मत दिलं, आणि त्या वर्षी त्यांचा पक्ष चारशेच्या वरून १९७ वर आला. मत देणाऱ्याला मत मिळतंच असं नाही.

महापालिकेच्या शाळेत, बाकांना खडूचा वास, हातात ती लांबलचक मतपत्रिका. १९८४ च्या काँग्रेसलाटेतही आमच्या मतदारसंघाने गिरणी संपाचे नेते दत्ता सामंत यांना लोकसभेत पाठवलं होतं. या वेळी वारं फिरलं होतं. उमेदवार पुन्हा वामनराव महाडिक, आणि ते निवडूनही आले. बाबांनी सांगितलं तिथे मी शिक्का मारला. बाहेर आल्यावर बाबांनी मला ऊसाचा रस पाजला, मोठा ग्लास. बाबांनी सांगितलं म्हणून मी दिलेलं ते पहिलं आणि शेवटचं मत.

शेवटचं का, याचं उत्तर जानेवारी १९९३ मध्ये आहे. चाळीसमोर एक बेकरी होती. पहाटे साडेपाचला पावाचा वास तिसऱ्या मजल्यावर यायचा, आई त्याला आमचं घड्याळ म्हणे. त्या महिन्यात ती जळली. मी गॅलरीत उभी होते. खाली पळणाऱ्यांत आणि पाठलाग करणाऱ्यांत, दोन्हीकडे मला नावाने ओळखणारी माणसं होती. मी बावीस वर्षांची. माझं मत कुठे जाणार नाही, ते त्या महिन्यात पक्कं झालं. कुठे जाणार, ते मात्र आजतागायत ठरलेलं नाही. दर निवडणुकीला मी यादी वाचत बसते. स्वतःच्या पक्षावरच्या प्रेमापेक्षा समोरच्याच्या रागाने मत देणं अमेरिकेत इतकं वाढलंय की अभ्यासकांनी त्याला वेगळं नावच दिलंय. आपल्याकडे 'ह्यांना पाडायचंय' एवढ्यात भागतं.

इथवर हिशेब जुळत होता. मग भाऊ आठवला, आणि हिशेब विस्कटला.

तोही त्याच गॅलरीत होता, माझ्या शेजारी. त्यानेही जानेवारी पाहिला. पण १२ मार्चच्या शुक्रवारी तो दादरला होता, प्लाझाच्या समोरच्या फुटपाथवर. त्या दुपारी मुंबईत एकामागून एक बॉम्ब फुटले, २५७ माणसं गेली. प्लाझाला फुटला तेव्हा भाऊ रस्त्याच्या पलीकडे होता, एवढंच त्याचं नशीब. घरी चालत आला तेव्हा केसांत काचेची पूड होती. आई ती ओल्या फडक्याने टिपत होती आणि तो एकच वाक्य सारखं म्हणत होता, "कुणी अडवलं कसं नाही?"

साल एक, घर एक, गॅलरी एक, वयात तीन वर्षांचं अंतर. मधे दोन महिने. माझा ठसा जानेवारीचा आणि त्याचा मार्चचा. तीस वर्षांनी न्यू जर्सीतल्या सोफ्यावरून तो 'सीमा' हा शब्द उच्चारतो, तेव्हा मला ते 'कुणी अडवलं कसं नाही' ऐकू येतं. मधली दोन मतं ओबामांना गेली, कारण २००८ ला मंदी होती, त्याच्या ऑफिसातली अर्धी टेबलं रिकामी झाली होती आणि नागरिकत्वाचा कागद नवा कोरा होता. ती दोन मतं परिस्थितीची होती की हे नवं मत वयाचं, ते मी ठरवू शकत नाही. बाबांनी चुटकीसरशी ठरवलं.

त्याच्यासारखे तिकडे बरेच निघाले. कार्नेगी संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत भारतीय वंशाच्या दहा मतदारांतले सहा अजून ट्रम्प यांच्या प्रतिस्पर्धी कमला हॅरिस यांच्याकडेच होते, पण २०२० च्या मानाने कमी. आणि ट्रम्प यांच्याकडे सरकले ते मुख्यतः पुरुष, त्यातही चाळिशीच्या आतले. न्यू जर्सी २०२० मध्ये बायडेन यांनी साधारण १६ टक्क्यांच्या फरकाने जिंकलं होतं, हॅरिस यांनी ते सहाच्या आसपास राखलं. भावाच्या एका मताने तिथे काही फिरलं नाही. तिकडे बहुतेक ठिकाणी राज्य जिंकलं की त्याची सगळी प्रतिनिधी-मतं एकाच्या झोळीत पडतात, त्यामुळे खरी लढाई सात राज्यांत. "आत्या, माझं मत मोजतात, पण लागत नाही," असं भाचा मला नंतर म्हणाला. मराठी कच्चं असलं की माणूस कधी कधी फार नेमकं बोलतो.

त्याच्याच वयाच्या पोरांमुळे मी दक्षिण कोरियाकडे वळले. तिथे वय आणि विचार यांची गाठ आणखी पिळदार आहे. साठीच्या पुढचे परंपरावादी, कारण त्यांच्या बालपणी युद्ध किंवा त्याची सावली, आणि उत्तरेची भीती. चाळिशी-पन्नाशीतले पुरोगामी, कारण त्यांच्यातल्या पुष्कळांनी १९८७ मध्ये कॉलेजातून रस्त्यावर उतरून लष्करी राजवट वाकवली, किंवा ते बघत मोठे झाले. म्हणजे तिथे मधले डावे आणि आजोबा उजवे. मग नातवंडं? २०२२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तिशीच्या आतल्या मुलांपैकी जवळजवळ ५९ टक्क्यांनी परंपरावादी यून यांना मत दिलं, आणि त्याच वयाच्या मुलींपैकी ५८ टक्क्यांनी समोरच्या ली यांना. मुलांच्या वाट्याला सक्तीचं लष्कर, मुलींच्या वाट्याला नोकरीतला आणि रस्त्यावरचा भेदभाव, आणि प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याचं बरं चाललंय. निकाल एका टक्क्यापेक्षाही कमी फरकाने लागला. एकाच वर्गातली, एकाच सालातली मुलं. हेही शेवटी आमच्या गॅलरीसारखंच, फक्त लाखांच्या मापात. न्यू जर्सीतलं ते बंद दार आणि गालिच्यावरचं ते स्टिकर यांच्यात चार वर्षांचं अंतर आहे की कोरियाएवढं, हे मला दोघांनीही सांगितलेलं नाही.

या सगळ्यावर पाणी फिरवणारी एक साधी गोष्ट राहिलीच. तरुणांचं मत कुठेही झुकलेलं असो, ते पेटीपर्यंत पोचायला हवं. अमेरिकेत २०२० ला, म्हणजे तरुणांनी भरघोस मतदान केलं असं म्हणतात त्या वर्षी, १८ ते २४ वयोगटातले निम्मे उतरले. ६५ ते ७४ मधले चारपैकी तीन. तिथे मतदान मंगळवारी, १८४५ च्या कायद्याने, घोडागाडीने दुसऱ्या गावी जाणाऱ्या शेतकऱ्याच्या सोयीचा वार. बहुतेकांना सुट्टी नाही. आपल्याकडे सुट्टी मिळते, आणि मुंबई लोणावळ्याला जाते. म्हणून निवडणूक आयोगाने २०२४ च्या विधानसभेला मुद्दाम आठवड्याच्या मध्यावर, बुधवारी मतदान ठेवलं. तरी मुंबई शहर पन्नाशीच्या घरातच राहिलं, सगळा महाराष्ट्र साठीच्या पुढे गेला असताना. आमच्या टॉवरमध्ये खालच्या मजल्यांवर जुने चाळकरी, वरच्या मजल्यांवर विकत घेऊन आलेले. दुपारी लिफ्टमध्ये शाईची बोटं मोजली तर सगळी अकराव्या मजल्याच्या खालची.

बाबांची विचारधारा काय, असं मला परवा एका मैत्रिणीने विचारलं. अमेरिकन माणूस स्वतःला पटकन लिबरल किंवा कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवून घेतो. बाबांना यातलं काही लावता येत नाही. २००७ ची राष्ट्रपतीपदाची निवडणूक त्यांनी क्रिकेटच्या मॅचसारखी पाहिली होती. त्यांना तिथे मत नव्हतं, मतदान खासदार-आमदारांचं. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५. "माझा आमदार १७५ चा आणि मी शून्याचा," असं म्हणत ते आकडेमोड करत बसले. शिवसेना भाजपबरोबर आघाडीत होती, आघाडीचा पाठिंबा भैरोसिंह शेखावत यांना, आणि सेनेने मत दिलं काँग्रेसच्या प्रतिभा पाटील यांना. का, तर बाई मराठी. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. २०१२ ला सेनेने प्रणव मुखर्जींना पाठिंबा दिला तेव्हाही त्यांनी एक कारण शोधून काढलं, ते काय होतं ते आता त्यांनाही आठवत नाही. त्यांच्यासाठी विचार हा पुस्तकातला नव्हता. तो एका मैदानातल्या भाषणाचा, एका शाखेच्या बाकड्याचा आणि एका चिन्हाचा होता.

आणि मग ते घरच फुटलं. २०२४ च्या मे महिन्यात, लोकसभेला, धनुष्यबाण एकीकडे आणि मशाल दुसरीकडे. त्या रात्री बाबा जेवले नाहीत, उन्हाने झालं म्हणाले. नोव्हेंबरात विधानसभेला आमच्या शिवडी मतदारसंघात तर धनुष्यबाण नव्हताच. मशाल होती आणि इंजिन होतं, दोन्ही त्याच घरातून निघालेली. "घरी येऊन मत घेतात ना आता?" मी सुचवून पाहिलं. "त्याला पंच्याऐंशी लागतात. मला पाच कमी पडतात," बाबा म्हणाले आणि इस्त्रीचा शर्ट चढवला.

२० नोव्हेंबरला सकाळी सव्वाआठला आम्ही गेलो. तीच शाळा, बाक बदललेले. ज्येष्ठ नागरिक म्हणून बाबांना पुढे सोडलं आणि त्यांच्याबरोबर मलाही. नाव वाचलं, सही झाली, शाई लागली. बाबा पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले. मला त्यांचं पांढरं डोकं तेवढं दिसत होतं, जरा खाली वाकलेलं. साधारण माणसाला आत पाच-दहा सेकंद लागतात. बीप येईना. यंत्राजवळच्या अधिकाऱ्याने मान वर केली. माझ्या मागच्या मुलीने घड्याळ पाहिलं. "आजोबा, बटण जोरात दाबा," कुणीतरी म्हणालं. डोकं हललं नाही. बाबांना यंत्र नवीन नाही, चष्मा डोळ्यांवर होता, यादीत नावंही फार नव्हती.

मग बीप वाजला, नेहमीसारखा लांबलचक. बाबा बाहेर आले, कुणाकडे न बघता दाराकडे चालू लागले. अधिकाऱ्याने माझ्या हातातली चिठ्ठी घेतली, समोरचं बटण दाबलं आणि म्हणाला, "जा ताई, तुमचं."